परदेशगमन आणि मागें राहिलेले मायबाप

(नभोवाणीवर झालेलें भाषण)

आखाजी हा आमच्या खानदेशांत लेकींचा सण आहे. पंचांगांत त्याला अक्षय्य तृतीया म्हणतात. इतर ठिकाणचे लोक त्या दिवशीं साडेतीन मुहूर्तांपैकीं एक मुहूर्त साधतात आणि मोकळे होतात. रावेर, यावल, अमळनेर या बाजूला मात्र तो दिवस जवळ आला कीं, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, घरोघर गौराई बसते आणि सासरीं गेलेल्या मुली माहेरीं येतात. मुलीला आणावयास जो भाऊ किंवा चुलता जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारांत उभा राहिला म्हणजे सासूला नाहीं म्हणणें जड जाई. त्याच दिवशीं पाण्याची घागर भरून, तीवर खरबूज ठेवून पितरांचें स्मरण केलें जातें. आणि त्याच दिवशीं शेतावरच्या सालदाराचें साल संपतें व नवें ठरतें. म्हणजे जे कायमचे गेले ते, जी परत आली ती, आणि जो चाकरीला बांधला गेला तो, या तिघांचाही हिशेब आमच्या वाडवडिलांनीं एकाच तिथीला मांडून ठेविला होता.

आजचा विषय आहे नोकरीसाठीं समुद्रापलीकडे गेलेलीं मुलें आणि त्यांचे मागें राहिलेले आईबाप. या विषयाचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे पहिली अडचण ही येते कीं, जो जातो त्याचा इतिहास लिहिला जातो. जो ओसरीवर बसून राहतो त्याचा लिहिला जात नाहीं. जाणाऱ्याची आगबोट, निघण्याची तारीख, पगार, पदवी हें सर्व कोठें ना कोठें नोंदलेलें सांपडतें. मागें राहणाऱ्याला दप्तर नाहीं. त्याचा शोध आडवाटेनेंच घ्यावा लागतो. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शाळामास्तरानें हें काम अंगावर घेणें थोडें धाडसाचेंच आहे. परंतु या विषयाशीं माझा घरचा संबंध आहे, आणि तो बोलण्याच्या ओघांत पुढें येईलच.

समुद्र ओलांडूं नये हा कलियुगांत वर्ज्य मानलेल्या गोष्टींपैकीं एक दंडक. पेशवाईच्या उत्तरार्धांत राघोबादादांनीं आपली बाजू विलायतेंत मांडावी म्हणून हणमंतराव नांवाच्या एका ब्राह्मणास इंग्लंडला धाडलें. ते १७८१ सालीं तेथें होते. त्यांच्या सोंवळ्याओंवळ्याची अडचण पाहून सुप्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क यानें बीकन्सफील्ड येथील आपल्या मळ्यांत त्यांची सोय केली, आणि स्वयंपाकासाठीं फुलझाडांचें काचघर मोकळें करून दिलें. इतकें सोंवळें पाळूनही परत आल्यावर प्रायश्चित्त कांहीं चुकलें नाहीं. या प्रथेला आपण आज हंसतों, आणि हंसावें हेंच योग्य. मला मात्र तिच्यांत आणखी एक गोष्ट दिसते. प्रायश्चित्त हें परत येणाऱ्यालाच असतें. जातीनें दार लावलें होतें खरें. पण परत आलेल्यानें वाजवावी म्हणून त्याला एक कडीही ठेविली होती.

त्यानंतर साठएक वर्षांनीं रंगो बापूजी गुप्ते साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची फिर्याद घेऊन लंडनला गेले. महाराजांना १८३९ सालीं पदच्युत करून काशीस ठेविलें होतें. रंगो बापूजी लंडनला जे राहिले ते १८५३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षें. ज्या धन्यासाठीं ते गेले तो १८४७ सालींच काशीस वारला. इकडे घरीं मुलें वाढत होतीं. येथें आपल्या विषयाची बाजू उलटी आहे. बाप परदेशीं आणि पुत्र मागें. प्रबोधनकार ठाकरे यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळें रंगो बापूजींचें राजकारण मराठी वाचकाला परिचित आहे. पण माझें मन त्या ग्रंथांतील राजकारणापेक्षां सीतारामाशीं अडतें. हा त्यांचा मुलगा. बाप परत आल्यानंतर चारच वर्षांनीं, १८५७ च्या सप्टेंबरांत, इंग्रजांनीं त्याला साताऱ्यास फांशीं दिलें, आणि रंगो बापूजी जे अदृश्य झाले ते पुन्हां कोणाच्याही दृष्टीस पडले नाहींत. चौदा वर्षांच्या विरहानंतर बापलेकांना मिळालीं तीं चार वर्षें. आणि तींही कटाच्या धामधुमींत गेलीं.

आतां आमच्या गांवाकडे येऊं. १८६९ च्या नोव्हेंबरांत सुवेझचा कालवा खुला झाला, आणि पुढच्याच वर्षीं, १८७० च्या मार्चांत, मुंबईहून कलकत्त्यापर्यंतची आगगाडी भुसावळ, खंडवा, जबलपूर या मार्गानें सलग सुरू झाली. त्याच सालीं मुंबईपासून एडनवरून सुवेझपर्यंत समुद्राच्या तळाशीं तार टाकली गेली. अशा रीतीनें एक-दोन वर्षांच्या आंत रावेर हें गांव जगाच्या हमरस्त्यावर येऊन बसलें, आणि गांवाला त्याचा पत्ताही नव्हता. विलायतेची टपाल मुंबईस उतरून कलकत्त्यास जातांना आमच्या शिवारांतून जाई. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकारानें ऐंशीं दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जो फॉग नांवाचा गृहस्थ रंगविला आहे, त्याची गाडी बऱ्हाणपूरला थांबते आणि त्याचा नोकर तेथें खोट्या मोत्यांचे जोडे विकत घेतो. बऱ्हाणपूर येण्यापूर्वीं रावेर येतें. तेव्हां फॉगसाहेब आमच्या गांवावरून गेले हें उघड आहे. मात्र ग्रंथकर्त्यानें आमची दखल घेतलेली नाहीं. माझे विद्यार्थी यावर दरवर्षीं नाराज होत.

या टपालाशीं खेड्यांतल्या शाळामास्तराचा संबंध जुना आहे. इंग्रजी अमलांत कित्येक गांवीं शाळामास्तरालाच शाखा-टपालकचेरीचें काम दिलेलें असे. सकाळीं बाराखडी, दुपारीं पत्रें आणि मनीऑर्डरी. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशांचीं पत्रें लिहिणें व वाचणें हें काम ओघानेंच त्याच्याकडे येई. माझ्या उमेदवारीच्या काळापर्यंत टपालाचा कारभार मास्तरांकडून गेला होता, परंतु वाचनाचें काम राहिलें होतें. तालुक्यांतल्या एका खेड्यावर मी असतांना तेथील एका विधवेचा मुलगा कुवेतला गवंडीकामास होता. त्याचें पत्र साधारण सहा आठवड्यांनीं येई. १९९० च्या ऑगस्टांत इराकनें कुवेत घेतलें आणि पत्रें बंद झालीं. ही बाई रोज मधल्या सुटींत शाळेच्या पायरीवर येऊन बसे. आधीं मी तिला वर्तमानपत्रांतील बातमी वाचून दाखवीं. मग ती पिशवींतून जुनें पत्र काढी आणि म्हणे, "मास्तर, आतां हें वाचा." मी वाचूं लागलों कीं तिचे ओठ माझ्या आधीं हलत. पत्र तिला अक्षरशः पाठ होतें. मग तें माझ्याकडून वाचवून कां घ्यावें, असा प्रश्न माझ्या मनांत येई, पण तो मी तिला कधीं विचारला नाहीं. पुढें हिंदुस्थान सरकारनें एक लाख सत्तर हजारांहून अधिक माणसें अम्मानवरून विमानांनीं मुंबईस आणलीं. त्यांत तिचा मुलगा होता. तो आला तेव्हां ती शाळेंत सांगावयास आली नाहीं. तिला वेळच नव्हता.

तारेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. पत्र हें आनंदाचें किंवा दुःखाचें, कसेंही असूं शके. तारेला मात्र आमच्याकडे एकच अर्थ होता. तारवाला सायकलवरून गल्लींत वळला कीं बायका आधीं रडूं लागत आणि मग तार फोडली जाई. पुष्कळदां तिच्यांत पोरगा पास झाल्याचें वर्तमान निघे. २०१३ च्या जुलैमध्यें सरकारनें तारखातें बंद केलें तेव्हां शहरांतील लोकांनीं हळहळ व्यक्त केली आणि आठवण म्हणून शेवटच्या तारा पाठविल्या. आमच्या गल्लींतल्या म्हाताऱ्या बायकांनीं मात्र सुटकेचा निःश्वास टाकला असावा.

परदेशीं गेलेल्या मराठी लेकीची गोष्ट निघाली म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें नांव आधीं येतें. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हां त्यांना नुकतेंच अठरावें वर्ष संपलें होतें. पति गोपाळराव टपालखात्यांतच नोकर होते, हाही एक योगायोगच. त्या शिकावयास गेल्या होत्या. नोकरी कोल्हापूरच्या रुग्णालयांत ठरली होती, ती करावयास आयुष्य उरलें नाहीं. क्षयानें जर्जर होऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेंत कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली आणि न्यूयॉर्क संस्थानांतील पकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवली गेली. देह माहेरच्या मातीला आणि रक्षा मानलेल्या मावशीच्या मातीला, अशी ती वांटणी झाली.

परंतु मागें राहणाऱ्या बापाचें मन पाहावयाचें असेल तर मी महर्षि अण्णासाहेब कर्वे यांच्या घराकडे बोट दाखवीन. अण्णांची स्त्रीशिक्षणाची कामगिरी सर्वांस ठाऊक आहे. हिंगण्याचा आश्रम, १९१६ चें महिला विद्यापीठ, १९५८ सालची भारतरत्न पदवी, या गोष्टी शाळेच्या पुस्तकांतच असतात. त्यांचें घर परदेशगमनानें कसें भरलेलें होतें, इकडे मात्र फारसें लक्ष जात नाहीं. थोरले रघुनाथराव गणिताच्या अभ्यासासाठीं फ्रान्सला जाऊन आले. दिनकरराव जर्मनींत रसायनशास्त्र शिकून आले व फर्ग्युसन कॉलेजांत प्राध्यापक झाले. दुसरे पुत्र शंकरराव डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेंत केनियाकडे गेले आणि तेथेंच रमले. म्हणजे शिकून परत आलेले आणि कामासाठीं जाऊन तिकडेच राहिलेले, असे दोन्ही प्रकारचे पुत्र अण्णांच्या घरीं होते.

आतां यांतील खरी गोम ऐका. १९२८ सालीं दिनकररावांनीं आपल्या पत्नीस, म्हणजे इरावतीबाईंना, मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठीं बर्लिनला पाठविण्याचें ठरविलें. अण्णांना तें पसंत नव्हतें. ज्यानें दुसऱ्यांच्या हजारों लेकीसुनांना घराबाहेर काढून शाळेंत बसविलें, त्यानेंच आपल्या सुनेच्या परदेशगमनास संमति दिली नाहीं. अखेर जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन इरावतीबाई गेल्या, आणि १९३० सालीं डॉक्टरेट घेऊन आल्या. यावरून अण्णांना विसंगत ठरविणारे लोक आहेत. मला तें मान्य नाहीं. सुधारक हा सुधारकाच्या खुर्चीवर बसलेला असतो तेव्हां एक असतो, आणि घरांतल्या पाटावर बसलेला असतो तेव्हां दुसरा असतो; हें खोटेपण नव्हे. शाळेंत दरवर्षीं बक्षीससमारंभाच्या वेळीं 'मुलांनो, सातां समुद्रांपलीकडे नांव काढा' असें मी स्वतः पस्तीस वर्षें सांगत आलों. तें मनापासून सांगत होतों. पण तें दुसऱ्यांच्या मुलांना सांगत होतों, एवढेंच.

अण्णांच्या ठिकाणीं विशेष हें कीं, ते नापसंतीवर थांबले नाहींत. १९२९ च्या आरंभीं, वयाला एकाहत्तरावें वर्ष लागलेलें असतांना, ते स्वतःच पृथ्वीपर्यटनास निघाले. विलायत, जिनीव्हा, डेन्मार्क, अमेरिका, जपान असा तो दौरा झाला. जिथें सून शिकत होती त्या बर्लिनलाही ते गेले. १९३० सालीं परतले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुन्हां निघाले, ते आफ्रिकेला. मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांजीबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका असे पंधरा महिने ते हिंडले. हेतु विद्यापीठाचें कार्य लोकांस सांगण्याचा व वर्गणी जमविण्याचा होता, आणि तो त्यांनीं पार पाडला. अण्णा भावना बोलून दाखविणारे नव्हते. पण ज्या किनाऱ्यावर ते उतरले त्या मुलुखांत त्यांच्या पुत्राचा संसार होता. मला ते पंधरा महिने वर्गणीच्या पावत्यांत मोजवत नाहींत. लहानपणीं, १८७५ च्या सुमारास, हाच माणूस मुरुडहून निघून सह्याद्रीचा घाट चढत, चार दिवसांत शंभराहून अधिक मैल चालून साताऱ्यास परीक्षेला गेला होता, आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षकांनीं त्याला परत पाठविलें होतें. चालत जाण्याची संवय त्यांना जुनी होती. लेक आखाजीला येत नाहीं म्हटल्यावर बाप स्वतःच मुऱ्हाळी होऊन निघाला, असें मी माझ्या मनाशीं म्हणतों; कर्व्यांचें कुळ कोंकणांतलें असलें तरी.

आमच्या खानदेशांतलेंही एक उदाहरण देतों. अमळनेरला १९४५ च्या डिसेंबरांत महंमद हाशम प्रेमजी यांनीं वनस्पति तुपाचा कारखाना काढला. १९६६ च्या ऑगस्टांत ते एकाएकीं वारले. त्या वेळीं त्यांचा मुलगा अझीम अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत शिकत होता, वय एकवीस. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला आणि कारखान्याचा कारभार त्यानें हातीं घेतला. अपुरी राहिलेली पदवी त्यानें पुढें तीसएक वर्षांनंतर पुरी केली. १९८० च्या सुमारास ही मंडळी संगणकाच्या धंद्यांत शिरली, आणि विप्रो या नांवानें ती कंपनी आज सर्व जगाला माहीत आहे. बापाच्या मरणाची वार्ता ऐकून परदेशाहून जो मुलगा अमळनेरच्या कारखान्यासाठीं परत आला, त्याच्याच कंपनीनें नंतर हजारों आईबापांचीं मुलें परदेशीं धाडलीं. मी यांत कोणाचा दोष पाहत नाहीं. शेंगदाण्याच्या तेलाच्या वासांतून निघालेली वाट कोठें जाईल हें त्या कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या अमळनेरकरांना कसें कळावें?

आतां घरची गोष्ट. माझी कन्या संगणकाची अभियंता आहे. २०१८ सालीं ती जर्मनींतल्या एका कंपनींत नोकरीस गेली. मुलगी सासरीं जातांना काय करावें हें आमच्या समाजाला नीट ठाऊक आहे. ओटी कशी भरावी, पाठवणी कशी करावी, कोणीं रडावें, कोणीं रडूं नये, किती दिवसांनीं पहिला मुऱ्हाळी धाडावा, याचे सर्व नियम आहेत. मुलगी नोकरीला निघते तेव्हां कोणताही नियम हाताशीं नसतो. मुंबईच्या विमानतळावर तिच्या आईनें तिची ओटी भरावयास पिशवींतून नारळ काढला, आणि मग 'सामानांत वजन होईल' असें म्हणून परत ठेवला. तेवढाच काय तो समारंभ.

लोक सांत्वन करतात कीं, आतां पूर्वीसारखें राहिलें नाहीं. फोनवर रोज तोंड दिसतें. तें खरें आहे. कुवेतवाल्या त्या आईपेक्षां आम्ही शतपटीनें सुखी आहों. तिची सहा आठवड्यांची वाट आम्हांला सहा मिनिटेंही पाहावी लागत नाहीं. घरांत भिंतीवर दुसरें एक घड्याळ लावलेलें आहे. तें हिवाळ्यांत साडेचार तास आणि उन्हाळ्यांत साडेतीन तास मागें असतें, कारण तिकडे वर्षांतून दोनदां कांटे सरकवतात. तिची आई कधीं शाळेंत भूगोल शिकली नाहीं इतकी आतां शिकली आहे. पण तोंड दिसणें आणि येणें या दोन वस्तु भिन्न आहेत, आणि जुन्या लोकांनीं येण्यालाच सण मानलें. अंतर मैलांत मोजूं नये, पुढच्या भेटीच्या तारखेंत मोजावें, असें माझें मत बनत चाललें आहे. सासरीं गेलेली मुलगी दोन कोसांवर असो वा पन्नास कोसांवर, तिची तारीख पंचांगांत छापलेली असे. परदेशींच्या मुलीची तारीख रजेवर, तिकिटावर आणि परवान्यावर लोंबकळत असते. 'येईन' या शब्दापुढें दिवस लिहिलेला नाहीं, हेंच काय तें दुःख. बाकीचें सोसतां येतें.

याचा पडताळा मला २०२० सालीं आला. २२ मार्चच्या मध्यरात्रीनंतर साथीच्या भयानें परदेशींचीं विमानें बंद झालीं. दोन दिवसांत आगगाड्या, मोटारी, सर्वच थांबलें. त्या वर्षीं आखाजी २६ एप्रिलला होती. आमच्या शेजारणीची लेक निंभोऱ्याला दिलेली आहे. निंभोरा म्हणजे भुसावळच्या बाजूचें आमच्या शेजारचेंच स्टेशन. ती आली नाहीं, आणि जर्मनींतली आमचीही आली नाहीं. दोन्ही आया ओट्यावर अंतर राखून बसल्या होत्या. पूर्वीं शेजारणीच्या बोलण्यांत आमच्याविषयीं थोडी कींव असे. त्या दिवशीं ती नव्हती. निंभोरा आणि जर्मनी त्या दिवशीं सारख्याच अंतरावर होतीं.

कित्येक वडील माणसें अशा मुलांना कृतघ्न म्हणतात. हें बोलणें मला अन्यायाचें वाटतें. मुलांना इंग्रजी शाळेंत घातलें आम्हीं, जळगांवला आणि पुण्याला वसतिगृहांत ठेविलें आम्हीं, शेत गहाण टाकून फी भरली तीही आम्हींच. रावेर तालुक्यांतल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांचीं बावीस टन केळीं २०२१ सालीं दुबईस गेलीं, तेव्हां सर्व तालुक्याला आनंद झाला. केळीनें परदेशीं जावें आणि केळी पिकविणाऱ्याच्या मुलानें गांवांतच राहावें, हा न्याय कोणता? ज्याला शेती ठाऊक आहे त्याला हेंही ठाऊक आहे कीं, केळीच्या बुंध्याशीं फुटलेले सगळेच मुनवे तेथें ठेवले तर कोणताच घड धड पोसत नाहीं. तोडावे लागतात, चांगले निवडून दुसऱ्या जमिनींत लावावे लागतात. मात्र आईच्या बुंध्याला काय वाटतें हें शेतीखात्याच्या पत्रकांत दिलेलें नसतें.

आमच्या कन्येचा आग्रह आहे कीं, आम्हीं उभयतांनीं तिकडे येऊन राहावें. पाहुण्यांना त्या देशांत एका वेळीं नव्वद दिवस राहतां येतें. पारपत्रें येऊन कपाटांत पडलीं आहेत. तिची आई म्हणते, आखाजीची घागर कोण भरील? मी तिला अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, त्यांना हिंगण्याला घागर भरावयास पुष्कळ मुली होत्या. यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आमचा वाद अजून मिटलेला नाहीं.

एक प्रकरण मीं मुद्दाम मागें ठेविलें होतें. आतांपर्यंत ज्यांचीं नांवें घेतलीं त्यांतील बहुतेक लोक लिहितेवाचते होते. परंतु महाराष्ट्रांतून कामासाठीं समुद्रापार गेलेला पहिला मोठा समुदाय निरक्षर मजुरांचा होता. गुलामगिरी बंद झाल्यावर मॉरिशस बेटांतील उंसाच्या मळ्यांना माणसें हवीं होतीं. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं कलकत्त्याहून 'अ‍ॅटलस' जहाजानें आणलेले छत्तीस मजूर तेथें उतरले, आणि पुढें कलकत्ता, मद्रास व मुंबई या तिन्ही बंदरांतून ओघ सुरू झाला. १९२० च्या आंत सुमारें साडेचार लक्ष हिंदी माणसें त्या बेटावर उतरलीं. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोक पुष्कळ होते. महिना पांच रुपये, करार पांच वर्षांचा. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरल्यावर सोळा दगडी पायऱ्या चढून आंत जावें लागे. त्या पायऱ्या अजून आहेत, आणि २००६ सालीं ती जागा जागतिक वारसा म्हणून घोषित झाली. या लोकांनीं तेथें गणपति बसविला, जाखडीचा नाच जपला, देवळें बांधलीं. कांहीं करार संपल्यावर परत आले. फार जण आले नाहींत.

त्यांच्या आईबापांना पत्र लिहिणारें कोणी नव्हतें व वाचून दाखविणारा मास्तरही नव्हता. पांच वर्षें म्हणून गेलेला मुलगा सहाव्या आणि सातव्या वर्षींही आला नाहीं, तेव्हां कोंकणांतल्या त्या घरांत कोणत्या वर्षीं आशा सोडली, आणि घागरीच्या पाण्यांत त्याचाही वांटा केव्हां धरूं लागले, हें कोणत्याही कागदावर नाहीं. कागद आहे तो दुसऱ्या टोंकाला. बेटावर उतरलेल्या प्रत्येकाची सरकारी नोंदवहींत नोंद होई: क्रमांक, नांव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गांव, आणि एका रकान्यांत बापाचें नांव. गोऱ्या कारकुनानें जसें ऐकलें तसें तें इंग्रजी अक्षरांत लिहिलें. मागें राहिलेल्या त्या हजारों माणसांविषयीं इतिहासानें जपून ठेविलेलें असें हें एवढेंच आहे. त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत ठेविलेल्या आहेत. पहिल्या येणाऱ्याचें नांव तेथें पुढें वंशजांचें आडनांव झालें. त्याच्या बापाचें नांव मात्र वहींतच राहिलें. चौथ्या-पांचव्या पिढींतला एखादा मराठी मॉरिशसकर आतां त्या संस्थेंत जातो, पणज्याचा क्रमांक हुडकतो, गांव आणि त्या बापाचें नांव कागदावर उतरून घेतो, आणि मुंबईस उतरून कोंकणांत त्या गांवाची वाट विचारीत निघतो.